जांघेतला जुना व्रण आणि योनिमुखावरचे पाझरणारे फोड: एक प्रकरण अभ्यास

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा समोरच्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. "मॅडम, उभीच बरी आहे. बसलं की ओलं होतं," एवढं म्हणून भिंतीला टेकून राहिल्या. वय 41. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं सरळ झालेली, पाळी नियमित. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. हातात जाड फाइल होती. तिच्या पहिल्याच पानावर कुणीतरी ठळक अक्षरांत 'जननेंद्रियावरील वॉर्ट्स' (चामखिळी) असं लिहिलं होतं आणि पुढची सहा वर्षं सगळे उपचार त्या एका ओळीमागे गेले होते.

हे प्रकरण मी त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. लिम्फँजिओमा सर्कमस्क्रिप्टम हा आजार, म्हणजे कातडीतल्या लसिकावाहिन्या (लिम्फच्या नळ्या) फुगून येणारे फोड, दुर्मीळ आहे, तो कर्करोग नाही, सहसा जिवावरही बेतत नाही. नेमक्या याच कारणांनी त्याच्याकडे कुणी नीट पाहत नाही, असं मला वाटतं.

तक्रार काय होती

नऊ वर्षांपूर्वी उजवीकडच्या बृहत् भगोष्ठावर, म्हणजे योनिमुखाच्या बाहेरच्या जाड ओठावर, चार-पाच बारीक पुटकुळ्या आल्या. दुखत नव्हत्या. आंघोळीच्या वेळी हाताला लागायच्या, कधी फुटायच्या आणि स्वच्छ पाणी यायचं. वर्षभरात त्या वाढल्या, मग डावीकडेही आल्या. पुढे पाणी थांबेनासं झालं. दिवसाला पाच-सहा पॅड लागू लागले. लोक ज्याला 'अंगावरून पांढरं जातं' म्हणतात तसं हे नव्हतं. योनीतून काही येत नव्हतं, पाणी बाहेरच्या कातडीतूनच झिरपत होतं. हा फरक त्या स्वतः पहिल्यापासून सांगत होत्या. फाइलीत मात्र तो कुठेही उतरला नव्हता. तिथे प्रत्येक वेळी 'श्वेतप्रदर' अशी नोंद होती.

ओलाव्याने मांड्या घासून सोलवटायच्या, वास यायचा. याहून मोठा त्रास म्हणजे वरचेवर येणारा ताप. अचानक हुडहुडी भरायची, दोन तासांत ताप 103 अंशांपर्यंत चढायचा, बाहेरचे ओठ लालभडक होऊन सुजायचे आणि लाली मांडीकडे पसरत जायची. त्यांच्या सासूबाईंनी त्याला 'धावरं' म्हटलं होतं आणि ते नाव अचूक होतं. वैद्यकीय भाषेत हा सेल्युलायटिस, म्हणजे कातडीत खोल गेलेला जंतुसंसर्ग. मागच्या एका वर्षात तो चार वेळा आला होता, त्यांतल्या एका वेळी शिरेतून प्रतिजैविकं द्यायला पाच दिवस दाखल व्हावं लागलं होतं.

उपचार म्हणून पोडोफायलिनचे लेप झाले होते. दोनदा विजेच्या सुईने फोड जाळले होते, एकदा गोठवले होते. प्रत्येक वेळी जखम भरायला महिना लागला आणि दोन-तीन महिन्यांत फोड परत आले, व्रणांच्या कडेकडेने आणखी जास्त.

शरीराबाहेरही एक नुकसान झालं होतं. वॉर्ट्स एचपीव्ही या विषाणूने होतात, लैंगिक संबंधातून पसरतात. हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं गेलं होतं आणि 'मिस्टरांनाही तपासून घ्या' असंही. ते तपासले गेले, त्यांना काहीच निघालं नाही. मग घरात प्रश्न उभा राहिला, की हिला कुठून आलं? गेली पाच वर्षं दोघं वेगळ्या खोलीत झोपत होते. हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या भेटीत, कपडे नीट करून उठता उठता, पाठमोऱ्या असताना सांगितलं.

तपासणी

दोन्ही बृहत् भगोष्ठ जाड, लोंबते झाले होते. उजवा सुमारे 12 सेंटिमीटर लांब आणि 6 सेंटिमीटर रुंद, डावा 9 बाय 4. त्यांवर दाटीवाटीने फोड होते. काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही वाटाण्याएवढे. काही पारदर्शक, काही पांढरट, काहींचं तोंड जाड होऊन ते खरोखरच चामखिळीसारखे खरबरीत दिसत होते. या आजाराचं वर्णन करताना बेडकाच्या अंड्यांच्या पुंजक्याची उपमा देतात. फोड कोवळे असताना ती पटते. जुने झाले, घासले गेले, वरून जाळले गेले, की ती उपमा लागू पडत नाही आणि फसगत होते.

मी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, लावून पाहिलं. पिवळसर पारदर्शक कप्पे आणि त्यांच्यामध्ये फिकट पडदे. काही कप्प्यांत थोडं रक्त मिसळलेलं होतं आणि ते तळाशी साचून वर स्वच्छ पाणी राहिलं होतं. एकाच फोडात खाली लाल, वर पिवळट, मधे सरळ आडवी रेघ. चामखिळीत असं कधी दिसणार नाही, कारण चामखीळ भरीव असते. निर्जंतुक सुईने एक फोड टोचला. थेंब आला, पुसला, पुन्हा आला. मी कापूस धरून पाच मिनिटं उभी होते, तरी थेंब येतच राहिले. बंद फोडातलं पाणी एकदा निघालं की संपतं. हे संपत नव्हतं, म्हणजे मागे कुठेतरी नळ सुरू होता.

मग मी जांघा पाहिल्या. दोन्ही बाजूंना जुने, आत ओढले गेलेले, सुरकुतलेले व्रण होते. उजवीकडचा मोठा, खालच्या थराला चिकटलेला, बोटाने हलवला तर हलत नव्हता. "हे कधीचं?" विचारलं. "ते होय? लहानपणी अवधाण आलं होतं, जांघेत गाठ सुजली होती. फुटलं, पू यायचा बरेच महिने. मग क्षयाच्या गोळ्या दिल्या, बरं झालं." तेव्हा त्या 17 वर्षांच्या होत्या. योनिमुखाच्या तक्रारीशी या व्रणांचा संबंध असेल असं त्यांना कधी वाटलं नाही आणि तसं वाटायचं कारणही नव्हतं. ते विचारणं आमचं काम होतं. सहा वर्षांच्या कागदांत जांघेचा उल्लेख एकदाही नव्हता.

उजव्या घोट्याला संध्याकाळी किंचित सूज असायची. डावा पाय व्यवस्थित होता.

अडलेला प्रवाह

केशवाहिन्यांतून सतत थोडं पाणी आणि प्रथिनं पेशींच्या मधल्या जागेत झिरपत असतात. त्यातलं शिरांत परत न शिरणारं पाणी, म्हणजेच लसिका, लसिकावाहिन्या गोळा करतात आणि ग्रंथींमधून गाळत गाळत शेवटी मानेच्या तळाशी शिरेत नेऊन सोडतात. योनिमुखाची लसिका मुख्यतः जांघेतल्या वरवरच्या ग्रंथींकडे जाते, तिथून खोल ग्रंथींकडे आणि पुढे ओटीपोटाच्या आत. या वाटेवरच्या ग्रंथी क्षयाने सडून फुटल्या आणि त्यांच्या जागी घट्ट व्रण बनला, तर वरून येणाऱ्या पाण्याला वाट उरत नाही. दाब मागे सरकतो, वाहिन्या फुगतात, त्यांच्यातल्या झडपा बंद होईनाशा होतात आणि शेवटी कातडीच्या अगदी वरच्या थरातल्या नाजूक वाहिन्या फुगून बाहेर दिसू लागतात. आपण पाहतो तो फोड म्हणजे ही फुगलेली वाहिनी. हे व्हायला वर्षं लागतात. म्हणून 17 व्या वर्षीच्या क्षयाचे फोड 32 व्या वर्षी आले, यात नवल काही नाही.

आजाराचं नाव लिम्फँजिओमा सर्कमस्क्रिप्टम. 1879 मध्ये फॉक्स आणि फॉक्स यांनी याचं वर्णन वेगळ्या नावाने केलं, आजचं नाव 1889 मध्ये मॉरिस यांनी दिलं. त्याचे दोन प्रकार आहेत. जन्मजात प्रकारात दोष मुळातच असतो. कातडीखालच्या थरात स्नायूंचं अस्तर असलेल्या लसिकेच्या टाक्या असतात, त्या मुख्य जाळ्याला जोडलेल्याच नसतात आणि आकुंचन पावून वरच्या वाहिन्यांत दाब सोडत राहतात. ही कल्पना व्हिम्स्टर यांनी 1976 मध्ये मांडली आणि शस्त्रक्रिया किती खोल करावी याचा विचार तिच्यावरच उभा आहे. दुसरा प्रकार नंतर जडलेला: क्षय, हत्तीरोग, ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दिलेलं रेडिएशन, आतड्यांचा क्रोन्स आजार, वारंवारचा सेल्युलायटिस. नंतर जडलेल्या प्रकाराला काही पॅथॉलॉजिस्ट 'लिम्फँजिएक्टेसिया' म्हणणंच पसंत करतात, कारण तिथे नवी गाठ नसते, असलेल्या वाहिन्याच फुगलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. उपचार ठरवताना मात्र फरक पडतो: जन्मजात प्रकारात खालची टाकी काढली तर रोग मुळापासून जाण्याची आशा असते. नंतर जडलेल्या प्रकारात मूळ कारण जांघेत असतं आणि ते तिथेच राहतं.

निदानाची खातरजमा

दोन ठिकाणांहून 4 मिलिमीटरचे पंच बायोप्सीचे तुकडे (गोल पात्याने काढलेले कातडीचे नमुने) घेतले, एक कोवळ्या फोडाचा आणि एक चामखिळीसारख्या दिसणाऱ्या भागाचा. दुसरा मुद्दाम घेतला. तिथेच चुकायला होतं आणि दीर्घकाळ लसिका साचलेल्या कातडीत क्वचित कर्करोगही उद्भवतो. अहवालात दोन्हीकडे एकच चित्र होतं: त्वचेच्या वरच्या थरात फुगलेल्या पोकळ्या, आतून चपट्या पेशींचा एकच थर, पोकळ्यांत फिकट गुलाबी द्रव आणि थोड्या लिम्फोसाइट पेशी, वरची बाह्यत्वचा जाड. लसिकावाहिन्यांचं अस्तर ओळखणाऱ्या डी2-40 या प्रतिपिंडाची (अँटिबॉडीची) चाचणी सकारात्मक. एचपीव्हीमुळे होणारे पेशींतले बदल कुठेही नाहीत, कर्करोगपूर्व बदल नाहीत. क्षयाचे जंतू नाहीत, सीबीनॅट ही क्षयाची चाचणीही नकारात्मक. छातीचा एक्स-रे स्वच्छ. हत्तीरोगासाठी रात्री घेतलेल्या रक्तात मायक्रोफायलेरिया (त्या रोगाच्या जंतांची पिल्लं) नाहीत. एचआयव्ही आणि सिफिलिस नकारात्मक.

एमआरआयमध्ये दोन्ही ओठांची कातडी आणि तिच्या खालची चरबी द्रवाने भिजलेली दिसली. खालच्या आवरणापलीकडे, स्नायूंपर्यंत काही पोचलेलं नव्हतं. ओटीपोटात गाठ किंवा वाढलेली ग्रंथी नव्हती. हे कळणं शस्त्रक्रियेआधी फार गरजेचं असतं. आत दाब देणारं काही असेल, तर वरची कातडी कापून काय साधणार?

अहवाल आला त्या दिवशी मी त्यांच्या यजमानांनाही बोलावलं. कागदावर चित्र काढून सांगितलं, की हा संसर्ग नाही. ह्यांच्यापासून तुम्हाला झालेला नाही, तुमच्यापासून ह्यांना झालेला नाही. 17 व्या वर्षीचा क्षय आणि त्याने बुजलेली वाट, एवढंच. ते गृहस्थ बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, हे लेटरहेडवर लिहून द्याल?" मी दिलं, मराठीतच दिलं. त्यांनी तो कागद फाइलीत पहिल्या पानाच्याही वर लावला. माझ्या दृष्टीने उपचाराची सुरुवात इथे झाली.

शस्त्रक्रियाच का

पर्याय होते आणि ते सगळे त्यांच्यापुढे मांडले. कार्बन डायऑक्साइड लेझरने वरचे फोड उडवता येतात. 10,600 नॅनोमीटर लांबीची ही लहर कातडीतल्या पाण्यात शोषली जाते, थरामागून थर वाफ होतो आणि वाहिन्यांची तोंडं बुजतात. थोडके, पातळ फोड असतील तर मी हाच मार्ग आधी निवडते. इथे मात्र अख्खे ओठ भिजलेल्या स्पंजासारखे झाले होते, लेझर तिथवर पोचत नाही. वाहिन्या सुकवणारी इंजेक्शनं मोठ्या पोकळ्यांत चांगली चालतात, बारीक बारीक हजार कप्प्यांत औषध पसरत नाही. सिरोलिमस हे औषध जन्मजात लसिकादोषांत उपयोगी पडतं, कारण तिथे पेशींच्या वाढीचा जो संदेश अतिरेकी झालेला असतो तोच ते अडवतं. व्रणाने वाट बुजलेल्या ठिकाणी त्याच्याकडून तेवढी अपेक्षा धरता येत नाही. शिवाय ते प्रतिकारशक्ती दाबतं. क्षय होऊन गेलेल्या आणि वर्षाला चार वेळा सेल्युलायटिस होणाऱ्या स्त्रीला ते द्यायला माझं मन धजावलं नाही.

राहिली शस्त्रक्रिया. फोडांसकट जाड झालेले भगोष्ठ खालच्या आवरणापर्यंत काढायचे. पाझर थांबेल, जंतूंना आत शिरायला भेगा उरणार नाहीत, ताप कमी होतील. फोड परत येऊ शकतात हे मी पहिल्या बैठकीतच सांगितलं. मी वापरलेलं वाक्य असं होतं: "मी भिजलेली भिंत पाडून नवी बांधू शकते, तुंबलेली मोरी मोकळी करू शकत नाही." त्यांनी विचारलं, "मग किती वर्षं मिळतील?" नेमका आकडा कुणालाच देता येणार नाही, पण आले तर थोडके येतील आणि लवकर दाखवलं तर लेझरने भागेल, असं सांगितलं. संवेदना, संबंध, लघवीची धार, दिसणं या चारही गोष्टींवर वेगवेगळं बोललो. यजमान त्या वेळी बाहेर थांबले होते, तसं मीच सुचवलं होतं.

शेवटच्या सेल्युलायटिसनंतर सहा आठवडे थांबलो. त्या काळात दर तीन आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू केलं. सुजलेल्या, जंतू असलेल्या कातडीत टाके धरत नाहीत, या बाबतीत घाई मुळीच परवडत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये

आदल्या संध्याकाळी त्यांना उभं करून शाईने रेषा आखल्या. टेबलावर पाय वर बांधले की लोंबणारी कातडी सरकते आणि रेघ चुकते. कमरेतून भूल दिली, लघवीची नळी घातली. फोडांच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर चांगली कातडी धरून मांडीकडच्या बाजूने आधी छेद घेतला, कारण बाहेरून आत येताना खालचं आवरण लवकर सापडतं आणि मग त्या पातळीवर राहून काम करता येतं.

अशा शस्त्रक्रियेत एक गोष्ट वेगळी दिसते. एरवी कापलं की गॉज लाल होतो. इथे रक्त थांबवल्यावरही गॉज भिजत होता, रंग न बदलता. जखमेच्या तळाशी स्वच्छ पाणी हळूहळू जमायचं, टिपलं की परत जमायचं. ही लसिका. जिथून ती येताना दिसली तिथे वाहिनी शोधून बांधली. नुसतं जाळलं तर तोंड पुन्हा उघडतं, असा माझा अनुभव आहे. वरच्या टोकाला बाह्य प्युडेंडल धमनीच्या आणि मागच्या बाजूला अंतर्गत प्युडेंडल धमनीच्या फांद्या येतात. दोन्हीकडे सावकाश गेलो. चरबी सुरुवातीला फिकट, लिबलिबीत, ओली लागत होती. खोल गेल्यावर ती पिवळी, कोरडी, दाणेदार झाली आणि तिथे थांबलो. एमआरआयमध्ये दिसलेली हद्द आणि हाताला लागलेली हद्द एकच निघाली.

डाव्या लघु भगोष्ठाचा, म्हणजे आतल्या पातळ ओठाचा, थोडा भाग काढावा लागला. शिस्निकेच्या (क्लिटोरिसच्या) टोपणावरही आठ-दहा फोड होते. ते काढायचे की नाही यावर माझी आणि सहकारी प्लास्टिक सर्जनची टेबलावरच चर्चा झाली. काढले असते तर शस्त्रक्रिया 'पूर्ण' झाली असती. पण तिथली संवेदना गेली तर ती परत देता येत नाही, आणि आठ फोडांचा लेझर नंतर कधीही करता येतो. ते ठेवले. आजही तो निर्णय मला योग्य वाटतो.

जखम बंद करताना मांडीकडची कातडी थोडी मोकळी करून आत ओढली आणि आतल्या कडेला जोडली. खालची पोकळी बुजवायला विरघळणाऱ्या धाग्याचे थर घातले, वर 3-0 जाडीच्या धाग्याचे सुटे टाके. दोन्ही बाजूंना ओढून घेणाऱ्या बंद नळ्या ठेवल्या, त्या वर ओटीपोटाच्या बाजूने बाहेर काढल्या, म्हणजे गुदद्वाराजवळची घाण त्यांना लागत नाही. एकूण वेळ 2 तास 20 मिनिटं, रक्तस्राव अंदाजे 250 मिलिलिटर. काढलेल्या भागाचं वजन 310 ग्रॅम. तो सगळा भाग पॅथॉलॉजीत बारीक कापून तपासला. कर्करोग कुठेही नव्हता, कडा आणि तळ फोडांपासून मोकळे होते.

नंतरचे दिवस

लघवीची नळी पाचव्या दिवशी काढली. डावीकडची निचऱ्याची नळी सहाव्या दिवशी निघाली, उजवीकडची नवव्या दिवसापर्यंत ठेवावी लागली, कारण तोवर चोवीस तासांत 30 मिलिलिटरहून जास्त पाणी येत होतं. रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनं, पहिल्या दिवसापासून पायांच्या हालचाली, शौचाला जोर द्यावा लागू नये म्हणून सौम्य रेचक. बसणं दहा दिवस बंद, फक्त झोपणं किंवा उभं राहणं.

आठव्या दिवशी उजवीकडे, मागच्या टोकाला, जखम 2.5 सेंटिमीटर उसवली. ही माझी चूक म्हणून लिहिते. त्या टोकाला कातडी जोडताना ताण येत होता, तो मला जाणवला होता. शेजारच्या कातडीची छोटी पट्टी (फ्लॅप) फिरवून आणली असती तर तो निघाला असता. वेळ झाला होता, रेषा सुबक दिसत होती, मी टाके घट्ट केले. योनिमुखाच्या मागच्या बाजूला प्रत्येक हालचालीत ताण येतो, तिथे ताणलेला टाका टिकत नाही. उसवलेला भाग पुन्हा शिवला नाही. रोज धुऊन, कोरडा करून, ड्रेसिंग करून तो साडेतीन आठवड्यांत आपोआप भरून आला. पण ते साडेतीन आठवडे त्यांनी सोसले, आणि त्या काळात एकदा त्या म्हणाल्या, "परत तेच सुरू झालं का?" या आजारात जखमेतून येणारं कुठलंही पाणी रुग्णाला जुन्या पाण्यासारखंच दिसतं. हे मी आधी सांगून ठेवायला हवं होतं. आता प्रत्येकीला सांगते.

सहा आठवड्यांनी पॅड बंद झाले. तिसऱ्या महिन्यात तपासलं तेव्हा व्रण मऊ होता, लघवीची धार सरळ होती, योनिमार्गाच्या तोंडाशी दोन बोटं सहज जात होती. पेनिसिलिन एकूण एक वर्ष चालू ठेवलं. त्या वर्षात सेल्युलायटिस एकदाही आला नाही. नंतर औषध बंद केल्यावर एकदा सौम्य आला, तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर उतरला. पायाला दाबमोजे, मांड्यांच्या घड्या कोरड्या ठेवणं, पायाच्या बोटांमधल्या बुरशीवर लगेच औषध, या साध्या गोष्टी त्यांनी मनावर घेतल्या. त्यांचा वाटा माझ्या सुरीपेक्षा कमी नाही.

चौथ्या महिन्यात त्यांनी विचारलं, "आता चालेल का?" काय चालेल ते त्यांनी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. चालेल म्हणाले, वंगण वापरा, दुखलं तर थांबा. पुढच्या भेटीत त्याविषयी काही बोलणं झालं नाही, फक्त यजमान बाहेर न थांबता सोबत आत येऊन बसले होते.

आठव्या महिन्यात व्रणाच्या वरच्या टोकाला सहा नवे फोड दिसले. टोपणावरचे होतेच. स्थानिक भूल देऊन एकाच बैठकीत दोन्हीकडे लेझर केला, दोन आठवड्यांत भरलं. टोपणावरची संवेदना शाबूत आहे. आता शस्त्रक्रियेला दोन वर्षं झाली आहेत.

पहिल्या भेटीत मी त्यांना विचारलं होतं, की तुम्ही स्वतः कधी आरशात पाहिलं आहे का. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं होतं आणि किळस वाटते म्हणाल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर आमच्या सिस्टरने हातात छोटा आरसा देऊन त्यांना शिकवलं: बोटांनी बाजू कशी करायची, जुना टाक्याचा व्रण कसा दिसतो, नवा फोड कसा ओळखायचा. परवाच्या तपासणीला त्या वहीचं एक पान घेऊन आल्या. त्यावर पेनने काढलेली आकृती होती, दोन्ही बाजू, व्रणाची रेघ आणि उजवीकडे मागच्या बाजूला दोन ठिपके. मी तपासून 'सगळं ठीक' म्हणणार होते. "मॅडम, हे दोन बघा ना," म्हणून त्यांनी ठिपक्यांवर बोट ठेवलं. पुन्हा पाहिलं, घडीच्या आत, उसवून भरलेल्या जागेच्या कडेला, टाचणीच्या डोक्याएवढे दोन फोड होते. कोरडे, पाझर नाही. सध्या काही करायचं नाही असं ठरलं. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, आणि येताना वही घेऊन यायची.